जिवाणू उपाशी राहतात तेव्हा...

क्षयरोगाचे निदान झालेल्या रुग्णाला डॉक्टर पहिल्याच भेटीत बजावतात, की गोळ्या सहा महिने घ्यायच्या आणि एकही दिवस चुकवायचा नाही. रुग्ण मान डोलावतो. दोन महिने उलटतात. ताप उतरलेला असतो, खोकला थांबलेला असतो, अन्नावरची वासना परत आलेली असते. थुंकीच्या तपासणीत जंतू दिसेनासे होतात. मग घरातलेच कुणीतरी म्हणते, ‘आता ठणठणीत झालास, कशाला एवढी उष्ण औषधे पोटात ढकलायची?’ नेमक्या याच टप्प्यावर अनेकजण औषध सोडतात, आणि त्यांतील काहींचा आजार काही महिन्यांनी पुन्हा उलटतो.

घशाच्या साध्या जिवाणूसंसर्गाला पाच-दहा दिवसांचे प्रतिजैविक पुरते. क्षयाला मात्र अर्धे वर्ष लागते. असे का, याचे उत्तर देताना बहुधा ‘हा जंतू चिवट आहे’ एवढेच सांगितले जाते. हा चिवटपणा येतो कोठून, याचा माग काढत गेले की आपण प्रयोगशाळेतील एका जुन्या प्रश्नापाशी येऊन पोहोचतो. खायला काहीच मिळाले नाही, तर जिवाणू काय करतो?

मेजवानी क्वचित, उपास नेहमीचा

पाठ्यपुस्तकांतून जिवाणूंचे जे चित्र आपल्यापुढे येते, ते मेजवानीचे असते. माणसाच्या आतड्यात राहणारा ई. कोलाय हा जिवाणू उत्तम पोषणद्रवात आणि ३७ अंश सेल्सिअस तापमानात ठेवला, तर दर २० मिनिटांनी दुप्पट होतो. हा वेग कायम राहिला तर काय होईल, याचा हिशेब गमतीचा आहे. एका पेशीपासून २४ तासांत ७२ पिढ्या होतील. एका पेशीचे वजन ग्रॅमच्या एक लक्ष कोटीव्या भागाइतके धरले, तरी दिवसाअखेर जिवाणूंचा ढीग चार हजार टनांहून जड भरेल. दुसऱ्या दिवसाच्या शेवटी तर त्याचे वजन पृथ्वीच्या वजनाच्या काही हजार पट होईल!

असे होत नाही, याचे कारण साधे आहे. अन्न संपते. माती, नदी, समुद्र, नळाची आतली भिंत, एवढेच काय आपले शरीरही, यांपैकी कोठेही जिवाणूला मनसोक्त खायला मिळण्याचे प्रसंग थोडेच. त्याचे बहुतेक आयुष्य अर्धपोटी किंवा पूर्ण उपाशी जाते. अब्जावधी वर्षांच्या उत्क्रांतीत त्याची खरी परीक्षा झाली ती वाढण्यात नव्हे, टिकून राहण्यात. तरीही संशोधकांचे लक्ष दीर्घकाळ वाढीच्या काळावरच खिळलेले होते. वाढणारे जिवाणू मोजायला सोपे असतात, हेही त्याचे एक कारण असावे.

अन्न कमी पडू लागले की काय होते, याचे पहिले नेटके चित्र रेखाटले ते फ्रेंच शास्त्रज्ञ जाक मोनो यांनी. दुसऱ्या महायुद्धात पॅरिस जर्मनांच्या ताब्यात असताना ते डॉक्टरेटच्या प्रबंधावर काम करीत होते. जिवाणूंना एकाच वेळी दोन प्रकारच्या साखरा दिल्या, तर ते दोन्ही एकदम खात नाहीत, असे त्यांना आढळले. आवडती साखर आधी फस्त होते, मग वाढ काही काळ थबकते आणि त्यानंतर दुसऱ्या साखरेवर ती पुन्हा सुरू होते. ताटातले श्रीखंड संपेपर्यंत भाकरीला हात न लावणाऱ्या मुलासारखाच हा प्रकार. मधल्या विरामाच्या काळात पेशी नवी साखर फोडण्यासाठी लागणारी विकरे तयार करीत असते. ही विकरे तयार करणारी जनुके गरजेनुसार चालू आणि बंद कशी होतात, हे पुढे मोनो आणि फ्रान्स्वा जाकोब यांनी उलगडून दाखवले. आंद्रे ल्वॉफ यांच्यासह दोघांना १९६५ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

ही झाली अन्न बदलण्याची गोष्ट. दुसरे ताटही रिकामे असेल तर?

जादूचे ठिपके

जिवाणूच्या पेशीत सर्वांत खर्चिक यंत्रणा असते ती प्रथिने बनवणाऱ्या रायबोसोमची. ई. कोलाय भराभर वाढत असतो तेव्हा त्याच्या एकेका पेशीत असे हजारो, कधी कधी काही दशसहस्र रायबोसोम असतात. त्यांच्या उभारणीत पेशीची बरीचशी शक्ती आणि कच्चा माल खर्ची पडतो. अन्न तुटल्यावरही ही उभारणी चालू राहिली, तर पेशीचे दिवाळे निघायला वेळ लागणार नाही. म्हणून अमिनो आम्लांचा पुरवठा थांबला की पेशी काही मिनिटांतच नवे रायबोसोम बांधणे बंद करते. ही शिस्त जिवाणूंत आहे हे १९५० च्या दशकापासून माहीत होते. काही उत्परिवर्तित वाण मात्र ही शिस्त पाळत नाहीत, उपाशीपोटीही उधळपट्टी चालू ठेवतात, हेही दिसले होते. शास्त्रज्ञांनी त्यांना ‘सैल’ असेच नाव दिले. पण थांबण्याचा हुकूम पेशीत नेमका कोण सोडतो, ते कळत नव्हते.

१९६९ मध्ये मायकेल कॅशेल आणि जोनाथन गॅलंट या अमेरिकी संशोधकांनी उपाशी ठेवलेल्या ई. कोलायमधील रसायने वेगवेगळी करून पाहिली. किरणोत्सारी फॉस्फरसच्या साहाय्याने टिपलेल्या चित्रावर त्यांना दोन अनोळखी ठिपके दिसले. पोट भरलेल्या जिवाणूंमध्ये हे ठिपके जवळजवळ नव्हतेच, आणि ‘सैल’ वाणात उपासानंतरही ते उमटत नव्हते. या ठिपक्यांना तेव्हा ‘जादूचे ठिपके’ असे नाव पडले आणि विज्ञानाच्या रूक्ष भाषेत ते आजही टिकून आहे. त्यांतील एका रसायनाचे आटोपशीर नाव पीपीजीपीपी. ग्वानोसिन या रेणूला चार फॉस्फेट जोडून ते तयार होते.

या इशाऱ्याची योजना पाहण्यासारखी आहे. रायबोसोमपर्यंत अमिनो आम्ले वाहून आणण्याचे काम टी-आरएनए नावाचे रेणू करतात. बाजार समितीत माल घेऊन येणाऱ्या हातगाड्या डोळ्यांसमोर आणाव्यात. अमिनो आम्ले संपली की हातगाडी रिकामीच येऊन धक्क्याला लागते. रायबोसोमजवळ टेहळणी करणारे रेलए नावाचे विकर ही रिकामी गाडी ओळखते आणि तात्काळ पीपीजीपीपी तयार करू लागते. हे रसायन जनुकांचे वाचन करणाऱ्या आरएनए पॉलिमरेज या यंत्रणेला जाऊन चिकटते. रायबोसोमच्या घटकांची निर्मिती बसते, आणि ज्या अमिनो आम्लांची टंचाई आहे ती घरच्या घरी बनवणारी जनुके जागी होतात. कारखान्याचा विस्तार थांबवायचा आणि कामगारांना स्वयंपाकघरात धाडायचे, असा हा हुकूम. साखर, फॉस्फेट, लोह अशा इतर गोष्टी तुटल्या तरी याच इशाऱ्याची पातळी वाढते. तेव्हा बहुधा स्पॉटी हे दुसरे विकर पुढाकार घेते. अन्न परत आले की पीपीजीपीपी मोडून टाकण्याचे कामही तेच करते.

आवराआवर

टंचाई लांबली तर पेशी खऱ्या अर्थाने आवराआवर सुरू करते. ई. कोलायमध्ये सिग्मा-एस नावाचे प्रथिन साठू लागते आणि त्याच्या आदेशाने सुमारे ५०० जनुकांचे काम बदलते. लांबट पेशी आखूड आणि गोलसर होते, तिचे बाह्य आवरण घट्ट होते. अशी पेशी उष्णता, आम्ल, क्षार यांनाही पूर्वीपेक्षा सहज दाद देत नाही. उपासाने ती अशक्त होण्याऐवजी कणखर होते, असे म्हटले तर वाचकांना नवल वाटेल, पण तसे घडते खरे. समुद्रातील काही जिवाणू तर उपासात विभागत जातात, पण वाढत नाहीत. एकाच्या अनेक चिमुकल्या पेशी होतात.

डीएनएची निगा हा त्यातील सर्वांत मोलाचा भाग. उपाशी पेशीला दुरुस्तीचा खर्च परवडत नाही, म्हणून मोडतोड होऊच नये अशी तजवीज ती करते. डीपीएस नावाचे प्रथिन मोठ्या प्रमाणावर तयार होते आणि डीएनएभोवती रचले जाते. ही रचना इतकी नियमित असते, की सूक्ष्मदर्शकाखाली ती स्फटिकासारखी दिसते. घर बंद करून गावी जाताना आपण सामानावर चादरी टाकतो, तसेच काहीसे हे. या संशोधनात भारतीय प्रयोगशाळांचाही वाटा आहे. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत दीपंकर चटर्जी यांच्या गटाने क्षयाच्या जंतूच्या निरुपद्रवी भाऊबंदात, मायकोबॅक्टेरियम स्मेग्मॅटिसमध्ये, डीपीएसचा आणि पीपीजीपीपीचा वर्षानुवर्षे अभ्यास केला.

रायबोसोमचे काय करायचे, हाही प्रश्न असतोच. एवढी महागाची यंत्रे मोडीत काढली, तर अन्न आल्यावर पुन्हा उभारायची कशाने? जपानी संशोधकांनी १९९० मध्ये दाखवले, की ई. कोलाय एका छोट्या प्रथिनाच्या साहाय्याने दोन-दोन रायबोसोम जोडून त्यांना निद्रिस्त करतो. हा विषय आता संपला, असे वाटत असतानाच २०२४ मध्ये त्यात नवी भर पडली. थंड प्रदेशातील एका जिवाणूमध्ये ब्रिटनच्या न्यूकॅसल विद्यापीठातील संशोधकांना बॅलोन नावाचे प्रथिन सापडले. हे प्रथिन प्रथिननिर्मितीत गुंतलेल्या रायबोसोमलाही जाऊन थोपवू शकते. यंत्र मोकळे होण्याची वाट पाहण्याची त्याला गरज नसते. मायकोबॅक्टेरियम कुळातही याच्या जातीचे प्रथिन आढळले आहे.

मृतांवर जगणारे

येथपर्यंतचे वर्णन वाचून असे वाटेल, की उपाशी जिवाणू म्हणजे समाधी लावून बसलेला योगी. वस्तुस्थिती तितकी शांत नाही.

चंचुपात्रात ई. कोलाय वाढवले आणि त्यांना नवे अन्न दिलेच नाही, तर काही दिवसांत बहुतेक पेशी मरतात. शंभरातील नव्याण्णव गेल्या, तरी उरलेली एक टक्का संख्या त्यानंतर महिनेच नव्हे, वर्षेही टिकते. अधूनमधून केवळ निर्जंतुक पाण्याची भर घालून संशोधकांनी अशी चंचुपात्रे पाच वर्षांहून अधिक काळ सांभाळली आहेत. हे उरलेले जिवाणू खातात काय? उत्तर उघड आहे. मेलेल्या भावंडांच्या पेशी फुटतात, त्यांतील प्रथिने आणि डीएनए द्रवात मिसळतात, आणि वाचलेले त्यावर गुजराण करतात.

हार्वर्ड वैद्यकीय विद्यालयात रोबेर्तो कोल्तेर यांच्या प्रयोगशाळेत मारिया मर्सिडीज झांब्रानो आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. दहा दिवस उपाशी ठेवलेल्या पात्रातील थोडेसे जिवाणू त्यांनी एकाच दिवसाच्या पात्रातील ताज्या जिवाणूंमध्ये सोडले. तरुणांची संख्या प्रचंड, म्हाताऱ्यांची नगण्य. कोणीही तरुणांच्या बाजूने पैज लावली असती. प्रत्यक्षात म्हातारे वाढत गेले आणि तरुण मेले.

दहा दिवसांत म्हाताऱ्यांत उत्परिवर्तन घडले होते. उपासातच उत्क्रांती चालू होती. त्याहून चक्रावणारी गोष्ट म्हणजे हा बदल सिग्मा-एसच्याच जनुकात होता, आणि त्याने त्या प्रथिनाचा जोर कमी केला होता. ज्या प्रथिनाने पेशी कणखर होते तेच दुबळे करून हे जिवाणू जिंकले होते! याची फोड संशोधक अशी करतात : सिग्मा-एस पेशीला बचावाच्या कामाला लावते. सगळेच दारे-खिडक्या लावून बसले असताना ज्याने खिडकी किलकिली ठेवली, त्याला मृतांच्या अवशेषांतील अमिनो आम्ले आधी मिळतात. हाच जिवाणू अचानक आम्लाच्या किंवा उष्णतेच्या तडाख्यात सापडला, तर मात्र तो आधी मरेल. बचाव आणि खाणे यांचा असा सौदा प्रत्येक पेशीला करावा लागतो, आणि सर्वकाळ लाभदायक ठरेल असा सौदा नाही. पात्र जुने होत जाते तशा नव्या उत्परिवर्तनांच्या लाटा येतात आणि आधीच्या विजेत्यांनाही मागे सारतात.

शिळ्या भातातील बीजाणू

काही जिवाणूंनी याहून टोकाचा मार्ग पत्करला आहे. बॅसिलस कुळातील जिवाणू उपासमारीत बीजाणू बनवतात. जर्मन शास्त्रज्ञ फर्डिनांड कोन आणि रॉबर्ट कॉख यांनी १८७६ मध्ये त्यांचे वर्णन केले होते. पेशी मधोमध विभागण्याऐवजी एका टोकाला विभागते. मोठा भाग लहान भागाला गिळून आपल्या पोटात घेतो, त्याच्याभोवती एकावर एक कवचे चढवतो आणि अखेरीस स्वतः फुटून नाहीसा होतो. उरतो तो जवळजवळ कोरडा, कॅल्शियमच्या एका क्षाराने गच्च भरलेला बीजाणू. त्याच्या आत चयापचय थांबलेले असते. उकळते पाणी, सुकणे, अतिनील किरण यांतून तो निभावतो.

याचा अनुभव आपल्या स्वयंपाकघरातही येऊ शकतो. तांदळावर बॅसिलस सिरिअसचे बीजाणू असतात आणि भात शिजवल्यावरही त्यांतील काही जिवंत उरतात. भात रात्रभर ओट्यावर राहिला, की उबदार, ओलसर, पिष्टमय मेजवानी पाहून ते जागे होतात, वाढतात आणि विष तयार करतात. या विषांपैकी वांती घडवणारे विष तापवल्याने नष्ट होत नाही. त्यामुळे सकाळी खमंग फोडणी दिली तरी धोका टळतोच असे नाही. उरलेला भात लवकर थंड करून शीतकपाटात ठेवणे हाच त्यावरचा उपाय.

बीजाणू बनवणे हे काम सात-आठ तासांचे आणि काही टप्प्यांनंतर मागे न फिरता येणारे. तेवढ्यात अन्न आले, तर शेजारी पुढे निघून जातील. त्यामुळे हा निर्णय जिवाणू शक्यतो लांबणीवर टाकतो. तो कसा, हे रिचर्ड लॉसिक यांच्या गटाने २००३ मध्ये दाखवले, तेव्हा अनेकजण चकित झाले. बॅसिलस सबटिलिसमधील ज्या पेशी बीजाणूच्या वाटेला लागलेल्या असतात, त्या एक मारक द्रव्य बाहेर सोडतात. स्वतःच्या बचावाची सोय त्यांनी केलेली असते. अजून वाटेला न लागलेली भावंडे मात्र त्या द्रव्याने फुटतात, आणि त्यांच्या अवशेषांवर मारेकरी आणखी काही काळ काढतात. शास्त्रज्ञांनी याला स्वजातिभक्षण हाच शब्द वापरला आहे.

कालावधीचा विचार केला, तर सागरतळाच्या जिवाणूंपुढे सगळेच फिके पडतात. दक्षिण प्रशांत महासागराच्या मध्यभागी पोषक द्रव्ये इतकी विरळ आहेत, की तळावर दहा लाख वर्षांत जेमतेम मीटरभर गाळ साचतो. २०१० च्या मोहिमेत तेथून काढलेल्या गाळाच्या नमुन्यांना जपानच्या युकी मोरोनो यांच्या गटाने प्रयोगशाळेत अन्न दिले. १० कोटी १५ लाख वर्षांपूर्वी साचलेल्या गाळातील जिवाणूही ते खाऊन वाढू लागले, असे त्यांनी २०२० मध्ये जाहीर केले. डायनोसॉर पृथ्वीवर होते तो हा काळ. याचा अर्थ तीच पेशी दहा कोटी वर्षे जगली असा सरसकट घेता येणार नाही. अतिशय मंद गतीने काही पिढ्या झालेल्या असू शकतात. पण गाळात अडकलेला हा समूह तेव्हापासून तेथेच, अत्यल्प शिध्यावर टिकून राहिला, असा संशोधकांचा निष्कर्ष आहे.

पुन्हा क्षयाकडे

आता सुरुवातीच्या गोळ्यांकडे वळू. प्रतिजैविके बहुधा जिवाणूच्या चालू कामावर घाव घालतात. पेनिसिलिन पेशीभित्तिकेच्या बांधकामात बिघाड करते. बांधकामच बंद असेल, तर ते बिघडवणार कशाचे? आयरिश जिवाणुशास्त्रज्ञ जोसेफ बिगर यांना १९४४ मध्येच हे जाणवले होते. पेनिसिलिनचा भरपूर मारा केल्यावरही दर दहा लाखांमागे सुमारे एक स्टॅफिलोकॉकस वाचत होता. वाचलेल्यांची संतती पेनिसिलिनला पूर्वीइतकीच बळी पडत होती. म्हणजे औषधाला पुरून उरण्याचा गुण त्यांच्या जनुकांत नव्हता. ते केवळ त्या वेळी निष्क्रिय होते. २००४ मध्ये नताली बालाबान आणि सहकाऱ्यांनी एकेका पेशीवर सूक्ष्मदर्शक रोखून दाखवले, की अशा मंद पेशी औषध देण्याच्या आधीपासूनच समूहात असतात. उपासमारीत त्यांचे प्रमाण वाढते.

क्षयाचा जंतू मायकोबॅक्टेरियम ट्यूबरक्युलोसिस मुळातच संथ. उत्तम परिस्थितीतही त्याला दुप्पट व्हायला सुमारे २० तास लागतात. १९३३ मध्ये लोबेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे जंतू पोषणद्रवातून काढून नुसत्या क्षारद्रवात ठेवले. त्यांचे श्वसन मंदावत गेले, पण ते जिवंत राहिले आणि अन्न मिळताच पुन्हा वाढू लागले. फुप्फुसात शिरलेल्या जंतूंभोवती आपल्या संरक्षक पेशी जो वेढा घालतात, त्यातही परिस्थिती काहीशी अशीच असते. प्राणवायू कमी, पोषण तुटपुंजे. जंतू साखरेऐवजी यजमानाच्या पेशींतील मेद आणि कोलेस्टेरॉल यांवर भागवतो. या जंतूतही पीपीजीपीपीची यंत्रणा आहे. तेथे रेल नावाचे विकर ते रसायन बनवते. हे विकर काढून टाकलेले जंतू दीर्घ उपासात तग धरू शकत नाहीत, आणि उंदरांत दीर्घकालीन संसर्ग टिकवण्यातही कमी पडतात, असे २००० ते २००३ या काळातील प्रयोगांत दिसून आले.

जगातील सुमारे एक चतुर्थांश लोकसंख्येला क्षयाच्या जंतूचा कधी ना कधी संसर्ग झालेला आहे, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. त्यांतील पाच ते दहा टक्के लोकांनाच आयुष्यात प्रत्यक्ष आजार होतो. बाकीच्यांत जंतू एकतर नष्ट होतो किंवा दबून राहतो. कोणाच्या शरीरात तो उद्या उठेल, हे खात्रीने सांगणारी तपासणी आज उपलब्ध नाही.

उपचारांतील चार औषधांची विभागणी आता समजायला सोपी जाते. आयसोनियाझिड पहिल्या काही दिवसांत वाढत्या जंतूंचा फडशा पाडते. रुग्णाला बरे वाटते ते मुख्यत्वे त्यामुळे. रिफाम्पिसिन मधूनच थोडा वेळ जाग येणाऱ्या जंतूंनाही गाठते. पायराझिनामाइड हे तर विक्षिप्तच औषध. प्रयोगशाळेतील नेहमीच्या पोषणद्रवात ते जवळजवळ निरुपयोगी ठरते. आम्लधर्मी वातावरणातील मंद जंतूंवर मात्र ते चालते. त्याचा समावेश झाल्यामुळेच नऊ महिन्यांचा उपचार सहा महिन्यांवर आला. चौथे एथाम्ब्युटॉल औषधरोध टाळण्यासाठी जोडीला असते. दोन महिन्यांनी थुंकी स्वच्छ येते तेव्हा वाढणारे जंतू संपलेले असतात. उपाशी, निद्रिस्त जंतू शिल्लक असतात, आणि पुढचे चार महिने त्यांच्यासाठी असतात. ते कधी जागे होतील याचे वेळापत्रक नसल्याने औषध रोज रक्तात असावे लागते.

उपाशी जंतू काहीच करीत नसला, तरी एक खर्च त्याला टाळता येत नाही. जिवंत राहण्यापुरती ऊर्जा, म्हणजे एटीपी, तयार करावीच लागते. बेडाक्विलिन हे औषध नेमके एटीपी बनवणाऱ्या यंत्रणेवरच घाव घालते, आणि त्यामुळे निद्रिस्त जंतूही त्याच्या तडाख्यातून सुटत नाहीत. अमेरिकेत त्याला डिसेंबर २०१२ मध्ये मान्यता मिळाली. बहुऔषधरोधी क्षयासाठी पूर्वी दीड-दोन वर्षे उपचार घ्यावे लागत. बेडाक्विलिनसह चार औषधांच्या नव्या पद्धतीने ते सहा महिन्यांत होऊ शकतात, आणि भारतात या पद्धतीला सप्टेंबर २०२४ मध्ये मंजुरी देण्यात आली.

जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश भारतात आहेत. येथे या कथेला एक वेगळेच वळण मिळते, ते असे, की उपाशी जंतू जागा होण्याला यजमानाचे उपाशी असणेही कारणीभूत ठरते. कुपोषणाने प्रतिकारशक्ती खालावते आणि वेढा सैल पडतो. झारखंडमध्ये २०१९ ते २०२२ या काळात अनुराग भार्गव, माधवी भार्गव आणि सहकाऱ्यांनी क्षयरुग्णांच्या दहा हजारांहून अधिक कुटुंबीयांचा अभ्यास केला. निम्म्या गटातील कुटुंबीयांना दरमहा माणशी पाच किलो तांदूळ, दीड किलो डाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या देण्यात आल्या. दुसऱ्या गटात हा शिधा फक्त रुग्णालाच मिळत होता. ज्या घरांत सर्वांना शिधा मिळाला, तेथे नव्याने क्षय होण्याचे प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी आढळले, तर फुप्फुसाच्या संसर्गजन्य क्षयाचे ४८ टक्क्यांनी. हे निष्कर्ष ऑगस्ट २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. रुग्णाला उपचारकाळात आहारासाठी थेट बँक खात्यात पैसे देणारी केंद्राची निक्षय पोषण योजना २०१८ पासून आहे. तिची रक्कम नोव्हेंबर २०२४ पासून दरमहा ५०० रुपयांवरून एक हजार रुपये करण्यात आली.